खाऱ्या पाण्यातलं जुनं इंजिन : माझा अनुभव

जाम झालेलं इंजिन दिसलं की भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांचे हात आधी हँडलकडे जातात. लांब पाइप लावा, दोघांनी मिळून ओढा, सुटेल. देवगडच्या खाडीकाठी मामांच्या होडीतलं डिझेल इंजिन बघायला गेलो तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला. मामांनीच तो मोडून काढला. "झिला, हँडलाक हात लावू नको. कायतरी तुटतला." त्यांचं बरोबर होतं. पिस्टनवरची गंजलेली रिंग लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या सुट्या नळीला, धरून बसलेली असताना जोर केला, तर रिंग मोडते, लायनरवर खोल ओरखडा उठतो आणि वाचण्यासारखं इंजिन भंगारात जातं.

इंजिन किर्लोस्करचं, दोन सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं. मामांनी मासेमारी सोडल्यापासून होडी वर ओढून ठेवलेली. सुरुवातीला दर पावसाळ्याआधी झापांनी शाकारली जायची, पुढे तेही राहून गेलं. नवं इंजिन घ्यावं असं घरात सगळ्यांचं मत होतं, माझं नव्हतं. या जातीची इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर पंपांना लागलेली आहेत, त्यामुळे लायनर, पिस्टन, रिंगा, नोझल (डिझेल फवारणारी तोटी), गॅस्केट असं सगळं तालुक्याच्या बाजारात मिळतं. बीड (ओतीव लोखंड) जाड असतं, फेरे मिनिटाला पंधराशेच्या आसपास, आणि प्रत्येक भाग सुटा होऊन बदलता येतो. असं इंजिन टाकून देणं मला पटत नाही, आजही नाही.

चेन ब्लॉक लावून ते होडीतून उचललं आणि मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, आणून ठेवलं. इंजिन खोलण्याआधी ते जाम का झालं असावं हे शोधायचं मी ठरवलं होतं. दोन्ही नोझल काढून भोकांतून टॉर्च मारला. एका सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर नेहमीची कोरडी काजळी होती. दुसऱ्यात तांबडा, ओलसर गंज. कारण वर धुराड्यातच होतं. त्याचं तोंड आभाळाकडे उघडं होतं आणि झाकण कधीच पडून गेलं होतं. इंजिन थांबलं त्या क्षणी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पावसाचं पाणी उतरत गेलं. म्हणजे इंजिन झिजून बंद पडलेलं नव्हतं. एक सिलिंडर भिजला होता, एवढंच.

डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन्ही सिलिंडरमध्ये ओतलं आणि मांगराला कडी घातली. हे मिश्रण रिंगांच्या फटीत झिरपायला वेळ लागतो. रोज थोडं वरून घालायचं, आणि फ्लायव्हील हाताने एकदा पुढे, एकदा मागे, अंगाच्या वजनाइतकंच रेटून बघायचं. एके दिवशी ते केसभर हललं. मग मागे नेलं, पुन्हा पुढे, दर वेळी थोडं जास्त. पूर्ण फेरा मिळाल्यावरच हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं. भिजलेल्या सिलिंडरच्या लायनरवर, पिस्टन जिथे थांबून राहिला होता नेमक्या त्या उंचीवर, गंजाची बांगडी उठली होती. नख फिरवलं की अडकत होतं. तो लायनर-पिस्टनचा संच बदलण्यावाचून इलाज नव्हता. दुसरा सिलिंडर मात्र आरशासारखा निघाला. तिथे फक्त नव्या रिंगा लागल्या.

हेड, फ्युएल पंप आणि नोझल घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरला गेलो. मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते आणि त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरचे सगळे फिटर मोठ्या ट्रॉलरांच्या कामात गुंतलेले असतात. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत हेड फेस होतं, म्हणजे घासून सपाट होतं, पुढच्या गल्लीत व्हॉल्व्हच्या सीट कापून मिळतात, त्याच्या पुढे नोझल टेस्टरवर चढतं. माझं एक नोझल दोनशे बारच्या किती तरी खालीच सुटत होतं आणि डिझेलचा फवारा होण्याऐवजी नुसती धार पडत होती. ते बदललं. अशा इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबून तापवलेली असते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेटतं, पण ते धुक्यासारखं बारीक उडालं तरच.

आता पाण्याबद्दल. हेच मला खरं सांगायचं आहे.

शेतातल्या इंजिनाला विहिरीचं पाणी, होडीतल्या इंजिनाला समुद्राचं. एवढ्या एका फरकाने सगळं बदलतं आणि दुरुस्ती करणारे बरेच लोक नेमकं तेच सोडून देतात. रिंगा नव्या, नोझल नवं, हेड फेस केलं, झालं काम. इंजिन सुरूही होतं. मग भर समुद्रात तापून पुन्हा धरतं आणि दोष जुनेपणावर जातो. जेटीवरच्या एका म्हाताऱ्या फिटरने मला आधीच बजावलं होतं, "पाणी खय अडता ता पयला बघ."

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी साठ अंशांच्या वर तापू लागलं की त्यांतले कॅल्शियमचे क्षार धातूवर थर धरतात, कारण हे क्षार पाणी तापेल तसे कमी विरघळतात. थर जाड झाला की आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धातू आणखी तापतो आणि थर आणखी वाढतो.

लायनर उपसून काढले तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पाणी जिथून शिरतं त्या अंगाला बीड काळं, स्वच्छ. मागच्या अंगाला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे पांढुरका टणक थर, त्याखाली पापुद्रे सुटलेला गंज आणि तळाशी खाडीचा गाळ असा चेपून बसलेला की स्क्रूड्रायव्हर रुतेना. ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या भोकांपैकी मागची दोन पूर्ण बुजली होती.

गाळ जुन्या छत्रीच्या काडीने कोरून काढला. ती वाकते आणि जिथे हात पोचत नाही तिथे जाते. थरासाठी गरम पाण्यात लिंबूफूल विरघळवून ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत भरलं. फेस येत राहतो. तो थांबला की ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं. संडासाचं अ‍ॅसिड वापरा, तासात काम होईल, असं सांगणारे भेटले. ते थर खातं आणि बीडही खातं, म्हणून मी त्याला हात लावला नाही. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर गोडं पाणी, आणि लगेच कोरडं करून लायनरच्या बुडाशी नव्या रबरी रिंगा. त्या रिंगा हलक्या प्रतीच्या घेऊ नयेत. तिथून पाणी गळलं तर थेट तेलात उतरतं आणि तेलाचं ताकासारखं पांढरं पाणी होतं.

पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर एकाच जागी बसून राहिल्याने त्याच्या पात्या दुमडल्या होत्या, तो नवा घातला. जस्ताचा तुकडा झिजून नाहीसा झालेला, तोही नवा. होडीचा पंखा ब्राँझचा आणि इंजिन बिडाचं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात बीड झिजू लागतं. जस्त जोडलं की बिडाऐवजी ते झिजतं. त्यावर कधीही रंग मारू नये, रंगवलेलं जस्त काहीच वाचवत नाही.

जोडणी झाल्यावर डिझेलची लाइन भरून फिल्टरचा ब्लीडर सैल केला, बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली. डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) उचलून हँडल फिरवलं तेव्हा दोन्ही नोझल करकरले. त्या आवाजाने माझे हातच थरथरायला लागले. मामेभावाला हवेच्या तोंडाशी फळी घेऊन उभं केलं होतं. सिलिंडरमध्ये ऑइल राहिलेलं असलं तर इंजिन बेफाम सुटू शकतं, आणि मग हवा कोंडणं हाच उपाय उरतो. फळी लागली नाही. आधी दाट पांढरा धूर आला, मग तो विरला आणि ठोके एका लयीत पडू लागले. मामा पायरीवर बसून होते. ते उठले आणि काही न बोलता बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरून बराच वेळ उभे राहिले.

होडी पाण्यात गेल्यावर कपलिंग, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणारा सांधा, पुन्हा तपासावं लागतं, कारण लाकडी होडी जमिनीवर एक आकार धरते आणि पाण्यात दुसरा. फीलर गेज (फट मोजायची पाती) चारही बाजूंनी फिरवून, व्यासाच्या दर इंचाला एक थाऊपेक्षा (इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा) जास्त फरक राहणार नाही इतपत इंजिनाचे पाये उचलून घेतले. शाफ्ट होडीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडची दोरी नवी भरली आणि चालताना थेंब-थेंब गळू दिली. पूर्ण आवळली तर शाफ्ट घासतो.

नारळी पौर्णिमेनंतर मामेभाऊ तीच होडी घेऊन जाळी टाकायला जातो. इंजिन एकदा तापून गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळले, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट लावली, पहिलं ऑइल लवकर बदललं. होडी परत आली की पंपाची नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि धुराड्यावर झाकण घालायचं, हे त्याने मामांसमोर कबूल केलं आहे. रिव्हर्स गिअरचं ऑइल सील अजून पाझरतं. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स सोडवावा लागेल, ते काम पुढच्या बंदीत.