टिटवी : गळती सापडली, पेटी वाचली

सापडली! आमच्या 'टिटवी'ची, म्हणजे एन्टरप्राइज जातीच्या लाकडी शिडाच्या बोटीची, गळती सापडली! सेंटरबोर्डच्या (बोटीखाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या पुढच्या टोकाला, हेडलेजच्या (पेटीचं टोक बंद करणाऱ्या उभ्या लाकडाच्या) अगदी बुडाशी. शनिवारी संध्याकाळी हिंगण्याच्या शेडमध्ये खडूच्या पांढऱ्या पट्ट्यावर पहिला निळा ठिपका उमटला आणि बोटीतला माझा पार्टनर टॉर्च धरल्या जागेवरूनच ओरडला, "अबे, निघून राहिलं ना बे!" दोन मोसम जिने आम्हाला छळलं ती गळती जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या जोडातून येते आहे.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना माहीतच आहे की बेलर (तळातलं पाणी बाहेर काढायची झडप) आणि पिव्हट बोल्ट (ज्याच्याभोवती सेंटरबोर्ड फिरतो तो) हे दोन्ही संशयित आधीच सुटले होते. बेलरचं गॅस्केट नवं. पिव्हट बोल्ट ३१६ स्टीलचा, दोन्हीकडे निओप्रीनचे वॉशर. त्यानंतर पेटीच्या दोन्ही लांब बाजूंना, पेटी हॉगवर (तळाच्या मधोमध आतून जाणाऱ्या लांब लाकडावर) बसते त्या जोडावर, इपॉक्सीचं (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचं) फिलेट, म्हणजे कोपरा भरणारी पट्टी, ओढलं. तरी खिंडसी तलावात उतरवल्यावर मागच्या आडव्या फळीखाली पाणी हजर! थोडं थोडं म्हणता म्हणता पायाचे पंजे भिजतील इतकं. एन्टरप्राइजचं वजन मुळात कमी, त्यात तळाशी पाणी डुचमळायला लागलं की वारा चांगला असूनही बोट जडावते आणि टॅक घेताना (वाऱ्याकडून वळून दिशा बदलताना) सगळं पाणी एका कुशीला धावतं.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगतो : सेंटरबोर्ड ज्या फटीतून खाली जातो ती फट तळ्याला उघडी असते, म्हणून पेटीच्या आत पाणी बाहेरच्या पातळीइतकंच चढतं. दोन माणसं बसली की पेटीचा बुडाचा जोड कायम पाण्याखाली. तिथे केसाएवढी चीर असली तरी पाणी थांबायचं कारणच नाही. त्यातही वाईट हे की आत आलेलं पाणी हॉगच्या कडेने, फ्रेमच्या खालून वाट काढत भलतीकडेच दिसतं. आमच्याकडे ते मागे दिसायचं आणि यायचं पुढून.

आता मधल्या काळात काय झालं ते. एप्रिलमध्ये पार्टनरचा धीर सुटला होता. "पेटीच उखडून टाकू, नवीन बसवू. कायले दर वर्षी थिगळ लावत बसतो?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली ही बोट घरच्या घरी प्लायवूडमध्ये बांधता यावी अशीच आहे, त्यामुळे पेटी काढून नवी बसवणं अशक्य नाही. पण पेटी काढायची म्हणजे फळीचा आधार सोडवायचा, हॉगवरचा जुना गोंद पटाशीने खरवडायचा आणि त्यात हॉगच दुखावला तर बोटीचा कणाच गेला. गळती नेमकी कुठे आहे हे न कळता एवढी चिरफाड मला मान्य नव्हती.

इथे बोटीसाठी आम्ही दोघांनी केलेल्या कराराचं कलम कामाला आलं. बोट घेतली तेव्हाच लिहून ठेवलं होतं : घासणं, रंगवणं, दोरी किंवा ब्लॉक (कप्पी) बदलणं, हे ज्याला वाटेल त्याने करावं आणि वहीत खर्च लिहावा, पण लाकूड कापायचं किंवा भोक पाडायचं असेल तर दोघांची सही हवी. पैशाची मर्यादा घालण्यापेक्षा ही अट मला कितीतरी मोलाची वाटते. महागडी दोरी चुकीची घेतली तर ती परत विकता येते, हॉगमध्ये मारलेला चर विकता येत नाही. मी सही दिली नाही, पण नुसतं नाही म्हणून बसणंही भागीदारीत बरोबर नाही. म्हणून सांगितलं, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत मला वेळ दे, जागा दाखवतो; नाही दाखवली तर पटाशी मीच हातात घेतो.

चाचणी अशी केली. बोट ट्रेलरवरून उतरवून सुताराच्या दोन घोड्यांवर सरळ ठेवली, लेव्हल लावून. फट खालून बंद करायला लांब फळी घेतली, तिच्यावर दाराच्या रबराच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि गाडीच्या जॅकने ती फळी खालून कीलवर (हॉगखालच्या बाहेरच्या लाकडावर) दाबून धरली. जॅक फार दाबू नका, बोट घोड्यांवरून उचलली जाते. आतून हॉग आणि पेटीचा पूर्ण जोड आधी ॲसिटोनने पुसला, वाळवला, मग शाळेतल्या खडूची पूड ब्रशने जोडावर पसरली. पेटीत वरून पाणी ओतलं, त्यात कपड्याला घालायची नीळ भरपूर. पाण्याची पातळी बाहेरच्या वॉटरलाइनच्या खुणेपर्यंत. आणि वाट बघत बसलो.

दोन्ही फिलेट कोरडी ठाक राहिली. दोन्ही बाजूंचं काम पक्कं झालंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यात काय सुख असतं ते ज्यांनी इपॉक्सी ओढलंय त्यांनाच कळेल. मग पुढच्या हेडलेजसमोर, मास्टच्या बाजूला, तो ठिपका आला. ठिपक्याची रेघ झाली, रेघ हॉगच्या उजव्या कडेला उतरली आणि फ्रेमखाली शिरून नाहीशी झाली. काही वेळाने मागच्या फळीखाली निळं पाणी! त्या वाटेचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

आता तिथेच का, याचा विचार रविवारी दिवसभर केला आणि उत्तर लाकडाच्या रेषांत आहे. लाकूड ओलं-कोरडं होताना रेषेच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र चांगलंच आकसतं-फुगतं. पेटीच्या बाजू आणि हॉग, दोन्हींच्या रेषा पुढून मागे जातात, म्हणून ते एकत्र हलतात आणि त्यांचा जोड टिकतो. हेडलेज मात्र उभा. त्याच्या रेषा वरून खाली. हॉगमधली खाच लांबीत तशीच राहते आणि हेडलेज त्या दिशेने आकसतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलैत हवा पाण्याने जड होते. वर्षानुवर्षं हा ओढाताणीचा खेळ एकाच जोडावर चालला, तर गोंद किती दिवस धरणार? किनाऱ्यावर, जिथे हवा बारा महिने दमट, तिथे हीच बोट कदाचित कधी गळली नसती. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांचे दुरुस्तीचे सल्ले जसेच्या तसे विदर्भात आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत झालंय.

पहिला बेत हेडलेज नवा घालण्याचा होता. लकडगंजात जाऊन आलापल्लीच्या सागाचा सुंदर तुकडा आणला. साग बाकीच्या लाकडांपेक्षा कमी हलतो. त्यातही रेषा बघून असा तुकडा निवडला की रेडियल बाजू (खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणारी) पुढे-मागे येईल, कारण त्या दिशेला आकसणं साधारण निम्मंच असतं. दुकानातल्या वयस्कर मिस्त्रींना काय हवंय ते सांगितल्यावर त्यांनी ढिगातून पाच-सहा फळ्या उलटून, टोकाच्या रेषा ओल्या फडक्याने पुसून दाखवल्या. असे विक्रेते जपले पाहिजेत. उलट अनुभव प्लायचा : एका दुकानाने आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेली फळी 'मरीन' म्हणून दिली आणि तिचा कापलेला तुकडा घरी उकळत्या पाण्यात ठेवल्यावर थर सुटायला लागले. खऱ्या ७१० ला ७२ तास उकळण्याची चाचणी पास व्हावी लागते. शिक्क्यावर भरवसा ठेवू नका, तुकडा उकळून बघा.

सागाचं एक अवघड असतं, तेल. चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसायचं, पांढरं फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत, आणि तेल परत वर यायच्या आत इपॉक्सी लावायचं.

इथपर्यंत लिहिलं आणि बेत बदलला. लिहिता लिहिताच सुचलं ते असं : जुने बोट बांधणारे जोडातून पाणी चढू नये म्हणून जोडावरून आडवं भोक पाडून त्यात मऊ लाकडाची खुंटी ठोकत. तिला स्टॉपवॉटर म्हणतात. खुंटी भिजून फुगते आणि पाण्याची वाटच अडवते. आमच्या जोडाला हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण टिटवी आठवडाभर ट्रेलरवर कोरडी असते आणि खुंटी फुगेपर्यंत आमची फेरी संपलेली असेल. पण तीच कल्पना इपॉक्सीने का करू नये? हॉग बोटीच्या आत उंच उठलेला आहे. त्याच्या डाव्या कुशीतून उजव्या कुशीपर्यंत, तळाच्या प्लायच्या जरा वर, बरोबर हेडलेजच्या जोडावरून ८ मिमीचं आडवं भोक. मग सिरिंजने पातळ इपॉक्सी, तिच्या मागे कॅबोसिल (दाट करायची बारीक पूड) घालून घट्ट केलेली. जोडाच्या आरपार बांध तयार! हेडलेज काढायलाच नको, फळी सोडवायला नको.

लगेच पार्टनरला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "भोक म्हणजे सही लागते, माहिती आहे ना?" सही देतो म्हणाला, एका अटीवर : नीळ-खडूची चाचणी पुन्हा करायची आणि एक जरी ठिपका आला तर हेडलेज निघणार. अट मला शंभर टक्के मान्य. सागाचा तुकडा तोवर शेडमध्ये मुरत राहील.

इपॉक्सी कधी ओतायची यावर मात्र आमचं अजून जमत नाहीये. तो म्हणतो पहाटे, कारण तेव्हा गार असतं. आम्ही वापरतो ते एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हे हार्डनर (रेझिन घट्ट करणारं), वजनाने १०० ला १०. आणि तापमान १० अंशांनी वाढलं की रसायनाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून भर दुपारी वाटीतच गोळा होतो हे खरं. पण पहाटे ओतलं की पुढे दिवस तापत जातो, लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. बांधात एक बुडबुडा म्हणजे पुन्हा वाट. तापमान उतरत असताना ओतलं तर लाकूड हवा आत घेतं आणि तिच्यासोबत इपॉक्सीही आत ओढली जाते. माझा आग्रह म्हणून सूर्य मावळल्यावर, शेडचं दार उघडं ठेवून, थोडी थोडी मिसळून, पसरट ताटलीत. खोल वाटीत मिसळाल तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं होतं. आणि हे सगळं पावसाआधी, कारण दमट हवेत या हार्डनरवर चिकट पांढरट साय धरते आणि ती धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. लाकूड आत्ता सर्वांत कोरडं आहे, म्हणजे फट सर्वांत रुंद आहे. आत्ता भरली की पावसाळ्यात लाकूड फुगून बांधावर आवळून बसेल.

या निमित्ताने करारात दोन बदल केले. आधी बाहेर पडायचं असेल तर 'बाजारभावाने' हिस्सा विकायचा असं लिहिलं होतं. नागपुरात एन्टरप्राइजचा बाजारभाव कोण सांगणार? आता असं आहे : ज्याला निघायचंय त्याने अर्ध्या बोटीची किंमत सांगायची, त्याच किमतीला हिस्सा विकायचा की विकत घ्यायचा हे दुसऱ्याने ठरवायचं. त्यामुळे सांगणाऱ्याला खरा आकडाच सांगावा लागतो. दुसरं, बोट कधी भाड्याने दिली आणि पैसे वाटून घेतले तर आपण फर्म झालो का, ही पार्टनरची शंका. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६ मध्ये स्पष्ट आहे की सामाईक मालमत्तेचं उत्पन्न वाटून घेतल्याने तेवढ्यावरून कोणी कायद्याच्या अर्थाने भागीदार ठरत नाही. हे सगळं ५०० च्या स्टॅम्पवर नव्याने लिहून काढतोय.

दिवस वाटून घेण्याचा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही. एन्टरप्राइज दोघांची बोट आहे, एकट्याला न्यायचीच नसते. वाद होतो तो टिलर (सुकाणूचा दांडा) कोणाच्या हातात यावर. सध्या जाताना गाडी जो चालवतो, कामठी-कन्हान-मनसर असा ट्रेलर ओढत, त्याच्याकडे टिलर. परतीला दुसरा गाडी चालवतो. ही वाटणी दोघांनाही रास्त वाटते आणि मला तरी ती बदलायची नाही.

एक छोटी खुशी राहिलीच. मेनसेलचा (मोठ्या शिडाचा) वरचा बॅटन पॉकेट (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा खिसा) फाटला होता. मुंबईला पाठवायचा खर्च आणि वेळ ऐकून इतवारीत ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेलो. उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा आम्ही दिला, झिगझॅग टाका त्यांच्या मशीनवर होता. निळ्या कापडावर इतकी सरळ, ताणरहित शिलाई त्यांनी मारली की पार्टनरने सेल उन्हात धरून तीनदा बघितली. पुढची सगळी शिवणकामं आता तिथेच.

येत्या आठवड्यात भोक, बांध, आणि पुरेसं वाळल्यावर पुन्हा नीळ. मागच्या हेडलेजचा जोडही त्याच रचनेचा आहे आणि आज कोरडा असला तरी तोही त्याच उन्हात तापतोय, म्हणून तिथेही आत्ताच बांध घालावा का, यावर सही अजून व्हायची आहे. ज्यांच्या एन्टरप्राइज किंवा मिरर जातीच्या लाकडी बोटी कोरड्या हवेच्या गावात आहेत त्यांनी आपले दोन्ही हेडलेज खडू लावून तपासावेत आणि काय दिसलं ते कळवावं. आणि हॉगमधून सरळ जाईल असं ८ मिमीचं लांब बिट कोणाकडे असेल तर चार दिवसांसाठी हवंय. नागपूरच्या बाजारात मिळालं ते वाकडं चालतं.