पिकअपचं सगळेच विचारतात

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात कुणी नवी गाडी घेतली की ती आधी खजराण्याच्या गणपतीकडे जाते आणि मग आमच्या फाटकासमोर. मी पीथमपूरला ‘गाड्यांच्या कंपनीत’ आहे असा कॉलनीभर समज आहे, आणि तो खोडून काढायचा नाद मी सोडलाय. आमच्या कारखान्यात गाडी बनत नाही, ट्रक-बसचे ब्रेक ड्रम बनतात. बिडाचे, जाडजूड, एकट्याने उचलायला गेलं तर कंबर धरेल असे. माझी नोकरी क्वालिटीत. म्हणजे ड्रमच्या आत डायल गेज लावायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं. त्यामुळे गाड्यांचं वेड असूनही माझी मतं उलट्या टोकाने सुरू होतात. लोक विचारतात, पळते कशी? मी विचारतो, थांबते कशी?

कुठलंही ब्रोशर उघडा. किती पीएस, किती एनएम, स्क्रीन किती इंची, छत उघडतं का, रात्री आतल्या दिव्यांचे रंग किती. शंभरच्या वेगावरून गाडी किती मीटरमध्ये उभी राहते, हे मी अजून एकाही ब्रोशरात वाचलेलं नाही. माझा भाचा सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे, पहिली गाडी घेतोय. परवा आला तेच मोबाईल पुढे धरून. “मामा, टर्बो पेट्रोल. शून्य ते शंभर दहा सेकंदांत!”

“बरं. आणि शंभर ते शून्य?”

“म्हणजे?”

हा ‘म्हणजे?’ मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. कागद घेऊन हिशोब मांडला. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, तर शंभरवरून गाडी चाळीस-पंचेचाळीस मीटरमध्ये उभी राहते. पण समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, आणि त्या सेकंदात २८ मीटर गेलेले असतात. ऐंशीवर असता तर नुसतं ब्रेक लावल्यावरचं अंतर २८ च्या आसपास. वेग वाढला पावपट, अंतर वाढलं दीडपटीहून जास्त, कारण इथे वेगाचा वर्ग होतो. भाचा म्हणाला, “पण मामा, इंदूरमध्ये शंभरने चालवतं कोण?” अगदी बरोबर बोललास राजा. पलासियावर ई-रिक्षा, पोहे घेऊन उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला आणि मधोमध बसलेली गाय यांच्यातून वाट काढताना त्या दहा सेकंदांचं काय लोणचं घालायचं?

त्याला म्हटलं, उघडणाऱ्या छताच्या वरच्या मॉडेलऐवजी मधलं घे. सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का ते बघ, आणि वाचलेले पैसे टायरांसाठी बाजूला ठेव. एबीएस (कचकन ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून सेल्समन डोळे मोठे करून सांगायला लागला तर हसून पुढे जा, ते एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचंच आहे. शेवटी गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर एबीएस काय करणार? फार तर सरळ रेषेत नेऊन आदळेल.

कारखान्यात माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे वॉरंटीत परत आलेले ड्रम बघणं. तक्रारीचा मजकूर ठरलेला: ‘ड्रम क्रॅक, माल खराब’. ड्रम टेबलावर उलटा ठेवायचा, हातातली बॅटरी आत मारायची. नीट वापरलेला ड्रम आतून एकसारखा करडा असतो, नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. भाजलेल्या ड्रमला आत निळे-जांभळे डाग, कडेला मोरपंखी झाक, आणि त्या डागांतून निघालेल्या केसाएवढ्या भेगा, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या एकमेकींना जोडत गेलेल्या. तो निळा रंग यायला धातू तीनशे अंशांच्या पुढे तापावा लागतो. हा रंग आमच्याकडे चढत नाही, घाटात चढतो. अर्थात कधी भेगेच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढं ब्लो होल (ओतताना हवा अडकून राहिलेलं छिद्र) दिसतं, तेव्हा दोष फाउंड्रीचा, म्हणजे आमच्या ओतकामाचा, आणि मग आठ-डी रिपोर्ट (चूक का झाली याचा ग्राहकाला द्यायचा खुलासा), ग्राहकाचे फोन आणि मीटिंगवर मीटिंग. पण निळा डाग दिसला की मी खुर्चीत जरा मागे रेलून बसतो.

घाट म्हणजे कुठला, हे इंदूरवाल्याला सांगायला नको. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, मानपूर गेलं की माळवा संपतो, रस्ता गणेश घाटातून निमाडात उतरतो आणि खलघाटला नर्मदा भेटते ती दीडशेच्या आसपास. म्हणजे चारशे मीटर खाली. चाळीस टनांचा भरलेला ट्रक एवढा खाली येतो तेव्हा त्यातून साधारण चाळीसेक युनिट वीज होईल एवढी ऊर्जा सुटते. आमच्या घराचं आठवड्याचं मीटर त्याच्या आत-बाहेर फिरतं. ती कुठेतरी जायलाच हवी. थोडी वारा खातो, थोडी टायर. उरलेली एकतर इंजिन खाणार, नाहीतर ड्रम. न्यूट्रल केलंत की इंजिन पंगतीतून उठलं, सगळं ड्रमच्या ताटात.

आणि न्यूट्रल कशासाठी? तर डिझेल वाचावं म्हणून. ही गोष्ट ट्रकवाल्यांचीच नाही, आमच्या कॉलनीतले शिकलेसवरलेले काका लोकही करतात. हल्लीच्या इंजिनाला गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर उतारावर इंजेक्टर बंदच होतात, थेंबही जात नाही. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन जास्त जाळायचं, वर ब्रेक भाजायचे. जुलवानियाच्या एका ढाब्यावर एका ट्रकवाल्याला मी हे समजावत होतो. त्याने शेवची भाजी पोळीत गुंडाळली आणि म्हणाला, “भिया, मालिक तेल का हिसाब माँगता है, ब्रेक का नहीं।” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा एक गैरसमज असा की हवेचे ब्रेक, हवा संपली की ट्रक सुटतो. उलट आहे. टाकीतला दाब गेला तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि ट्रक जागेवर जाम होतो. घाटात जे होतं ते वेगळं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे त्याचा व्यास वाढतो आणि तो लायनिंगपासून (आतून ड्रमवर दाबलं जाणारं अस्तर) लांब सरकतो. लायनिंगही तापून पकड सोडतं. ड्रायव्हर पूर्ण जोराने पाय दाबतोय, हवेचा काटाही जागेवर आहे, पण पुशरॉड (लायनिंग दाबायला ढकलणारा दांडा) जिथवर जायचा तिथवर जाऊन टेकलाय. डिस्कचं, म्हणजे दोन बाजूंनी पॅडांनी चिमटल्या जाणाऱ्या चकतीचं, असं नाही. ती तापली तर पॅडच्या दिशेने फुगते. म्हणून कारला पुढे डिस्क आणि मागे ड्रम हा संसार चांगला चालतो, आणि हलक्या हॅचबॅकला मागे ड्रम आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी भांडतो. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचीच चाकं करतात.

गणेश घाटाला आता नवा, कमी उताराचा रस्ता काढलाय, ते फार बरं झालं. पण पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट आहेच. (आपल्या विमानतळाजवळची बिजासन वेगळी, ही वेगळी, ट्रकवाले हात दोघींना जोडतात.) हा घाट उतरला की महाराष्ट्र, पहिलं मोठं गाव पळासनेर. जुलै २०२३ मध्ये तिथेच एक कंटेनर गाड्यांना धडका देत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण गेले. बातम्यांत ‘ब्रेक निकामी’ एवढेच दोन शब्द होते. माझ्यासारख्याला त्यापुढचं वाचायचं असतं, ते कधी छापून येत नाही.

हा रस्ता मला पाठ आहे, कारण माझी सासुरवाडी नाशिक. गाडी आमची जुनी डिझेल स्विफ्ट, तेच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन, जे एके काळी मारुती, टाटा आणि फियाट अशा सगळ्यांच्या बॉनेटखाली सापडायचं. धुराचे बीएस-सहा नियम आले तेव्हा, २०२० मध्ये, मारुतीने डिझेलच बंद केलं. मला अजून हळहळ वाटते. पिकअपसाठी नाही, दोन हजार आरपीएमच्या खाली तर ते झोपलेलंच असतं. पण तिसऱ्यात टाकून घाट उतरवा, गाडी कुणीतरी शेपटी धरल्यासारखी सांभाळून खाली येते. ऑटोमॅटिकवाल्यांनी ‘एम’ (गिअर आपण निवडायचा) नाहीतर ‘एल’ (खालचा गिअर) कशासाठी दिलंय हे घरीच वाचून निघावं. नाहीतर उतारभर ‘डी’त गाडी सोडून समोरच्याचे ब्रेकलाइट लाल ते लालच. मी अशांच्या मागे अंतर ठेवतो. आमच्या सौ. म्हणतात, “अहो, तुम्ही गाडी चालवताय की इन्स्पेक्शन करताय?”

चांदवडच्या अलीकडे राहुड घाटातही तोच खेळ, पण तिथवर आलं की नाशिक जवळ आल्याचा उत्साह असतो. आणि चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, त्यामुळे इंदूरच्या माणसाला तिथे चहा प्यायचा हक्कच आहे असं मी मानतो.

होळकरांवरून आठवलं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी जगभरच्या गाडीवेड्यांना माहीत आहे. तिसाच्या दशकातली, केशरी-काळी, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी, सुपरचार्जर, कंपनीच्या म्हणण्यानुसार ३२० अश्वशक्ती. राजवाड्यावर गप्पा रंगल्या की हे ३२० कुणीतरी फेकतंच. पण ड्यूसेनबर्गने १९२१ मध्येच आपल्या मॉडेल ए ला चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले होते, विक्रीच्या गाडीत जगात पहिल्यांदा, हे मी सांगायला लागलो की मंडळी गराडूची प्लेट आणायला उठतात.

आमच्या पीथमपूरचंही तेच. नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा हाय स्पीड ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला, ११.३ किलोमीटरचा, आशियातला सगळ्यात लांब. पाहुणे आले की मीही अभिमानाने सांगतो. पण माझा जीव त्याच आवारातल्या ब्रेकिंग ट्रॅकवर. डावी चाकं ओल्या गुळगुळीत लाद्यांवर, उजवी चाकं डांबरावर, आणि त्या स्थितीत कचकन ब्रेक. गाडी गर्रकन फिरते की सरळ थांबते, हे बघणं मला वेगापेक्षा जास्त थरारक वाटतं. त्याची रील मात्र कुणी बनवत नाही.

लोकांना एक गोष्ट पटत नाही: एवढा गाडीवेडा माणूस रोज कामाला कंपनीच्या बसने जातो. जातो आणि जाणार. सकाळी राऊचा चौक स्वतः ओलांडून ज्याने नोकरी केलीय तो मला हसणार नाही. ए शिफ्टला बसमध्ये अर्धे झोपलेले असतात, उरलेले पीएफवर बोलतात. महिनाअखेरीला डिस्पॅचसाठी थांबून रात्री घरी निघालं की डोळे मिटत असतात, आणि त्या डोळ्यांनी स्टिअरिंग धरणं मला न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याइतकंच नापसंत आहे. गाडी सुट्टीच्या पहाटेसाठी ठेवावी. पाच वाजता, रस्ता धुतलेला, पोह्यांचा पहिला घाणा निघायच्या आधी राऊ पार. या वेळेचं ड्रायव्हिंग आठवडाभर पुरतं.

आता ब्रेक ऑइल. सर्व्हिसला गाडी दिली की टेफ्लॉन कोटिंग करून घ्या, केबिनला सुगंध करून घ्या, एसीची नळी धुऊन घ्या असा आग्रह. ब्रेक ऑइल मात्र तुम्ही विचारल्याशिवाय कुणी काढत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ हा त्याचा नेहमीचा प्रकार नवीन असताना उकळायला किमान २३० अंश लागतात, पाणी पिऊन झाल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला. दर दोन वर्षांनी बदला. खर्च छप्पन दुकानवर चौघं पोटभर खाऊन येतात त्याच्या आसपास.

मध्यंतरी एका सहकाऱ्याची इलेक्ट्रिक गाडी नाशिकला घेऊन गेलो. गणेश घाटात रीजन (मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरायची सोय) पूर्ण वर ठेवलं आणि ब्रेक पेडलला जवळपास पाय लावला नाही. उतारावर बॅटरी चक्क वाढली, फार नाही, टक्काभर. खलघाटला उतरून मी चाकापाशी वाकलो, हात जवळ नेला, डिस्क कोमट. “अहो, लोक नर्मदेला हात जोडतायत, तुम्ही चाकाला काय जोडताय?” सौ. म्हणाल्या. परतीच्या चढावर तो टक्का व्याजासकट वसूल झाला, पण माझं मत पक्कं झालं. ट्रकला हे आलं तर आमच्या टेबलावरचे निळे डाग कमी होतील, आणि आमच्या ऑर्डरीही.

गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेक इतके कमी वापरले जातात की डिस्क गंजायची भीती असते. म्हणून फोक्सवॅगनने आयडी ४ ला मागे चक्क ड्रम दिले, बंद असतो म्हणून गंजत नाही. हे मी दुपारच्या जेवणात सांगितलं तेव्हा फाउंड्रीवाल्यांनी डबे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. ट्रकचे नसले तरी ड्रम आहेत.