पियानो ऑडिशन: रचना निवडताना

आधी प्रत्येक संगीत संस्थेची रचनांची यादी शब्दन् शब्द वाचा. बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत गुंफलेली रचना), पूर्ण क्लासिकल सोनाटा (अनेक भागांची रचना), एक रोमँटिक रचना, एट्यूड (तंत्राचा कस पाहणारी छोटी रचना) आणि विसाव्या शतकातलं काही, सगळं पाठ, अशी मागणी बऱ्याच ठिकाणी असते. गोची होते ती एट्यूडमध्ये. शोपँच्या ओपस (रचनासंग्रहाचा क्रमांक) १० मधले ३ आणि ६, ओपस २५ मधला ७ हे संथ एट्यूड अनेक संस्था घेत नाहीत. बेथोव्हनच्या ओपस ४९ च्या छोट्या सोनाटाही काही ठिकाणी चालत नाहीत.

परीक्षक मध्येच थांबवून भलतीकडूनच सुरू करायला सांगू शकतात. त्यामुळे फ्यूगच्या प्रत्येक विषयप्रवेशापासून (मुख्य धून पुन्हा सुरू होते तिथून) आणि सोनाटाच्या रिकॅपिच्युलेशनपासून (सुरुवातीच्या थीम परत येतात त्या भागापासून) थेट वाजवता यायला हवं. तिथे दुसरी थीम सहसा मूळ स्वरात येते, आणि घाबरलेले हात एक्स्पोझिशनच्याच, म्हणजे सुरुवातीच्या भागाच्याच, वाटेनं निघून जातात.

फ्रान्झ लिस्टच्या चमकदार रचनांचा मोह समजू शकतो. पण मोझार्टची संथ मूव्हमेंट (रचनेतला एक भाग) नीट वाजली तर उमेदवार जास्त कळतो, असं माझं मत. तीन महिने आधी एखादी रचना पूर्ण वेगात, न अडखळता, अनोळखी पियानोवर वाजत नसेल तर सरळ बदला. प्री-स्क्रीनिंगचं (पहिल्या चाळणीचं) रेकॉर्डिंग तर ऑडिशनच्याही आधी द्यावं लागतं, तेव्हा मोठ्या रचना वर्षभर आधी हातात घ्या.