गाऊनला खिसा नसतो

गोव्यात वेर्ण्याच्या एका फार्मा कंपनीत मी एकवीस वर्षं काढली, क्वालिटीमध्ये. कंपनीचं नाव राहू दे. नोकरी सोडायची हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी ठरवलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी सोडली, म्हणजे मधली चार वर्षं एक्सेल शीट चालू होती, आणि ती शीट इतक्या वेळा उघडून बघितली की बायको म्हणायची एवढा वेळ मला दिला असता तर. पण इथे सांगायचंय ते फक्त एका दिवसाचं, नोटीस दिली त्या दिवसाचं. ४ जून २०२४, मंगळवार, लोकसभेच्या निकालाचा दिवस. ज्यांचे म्युच्युअल फंड आहेत त्यांना तारीख बघूनच कळलं असेल.

आधी हिशेब थोडक्यात सांगतो, कारण भेटेल तो तेच विचारतो. तीन वर्षं घरातला प्रत्येक रुपया लिहिला, गॅस, पेट्रोल, नुस्तें (मासळी), पोदेराचे पाव, चवथीचे (गणेश चतुर्थीचे) फटाके, सगळं. सरासरी महिना ४७ हजार आली, म्हणजे वर्षाला ५ लाख ६४ हजार. सगळीकडे सांगतात वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा, पण तो हिशेब १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका सल्लागाराने तिथल्या शेअर-बॉंडच्या आकड्यांवर मांडलेला, तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. मला चाळीस वर्षं काढायची होती आणि महागाई आपल्याकडची, म्हणून मी ३३ पट धरलं. १ कोटी ८६ लाख. घर फोंड्यात स्वतःचं, मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिचे पैसे वेगळे काढलेले, आईच्या आजारपणाचे वेगळे, कारण कंपनीचा मेडिक्लेम आपल्याबरोबरच संपतो आणि शहात्तर वर्षांच्या बाईला नवी पॉलिसी कोण देतो. आमची स्वतःची पॉलिसी मी चार वर्षं आधीच घेऊन ठेवली होती, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड नोकरीत असतानाच संपला. एवढी एकच गोष्ट मी शहाण्यासारखी केली असं मला वाटतं. बायको शाळेत आहे, पण तिचा पगार हिशेबात धरायचा नाही हे माझं मीच ठरवलेलं. पीएफच्या पेन्शनवर तर फार विसंबूच नये, पगार १५ हजारांच्या वर धरत नाहीत आणि ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात.

तर एकूण जमलेले १ कोटी ९० लाख, त्यातले ८० शेअरच्या फंडात, २५ एफडीत, बाकी पीएफ-पीपीएफ. एफडीतले पंचवीस म्हणजे साडेचार वर्षांचा खर्च, बाजार पडला तर फंडाला हात लावायला नको म्हणून. हे वाक्य मी शीटमध्ये पिवळ्या रंगात लिहून ठेवलं होतं, बाजार पडला तर फंडाला हात लावायचा नाही, घाबरायचं नाही.

पत्र द्यायचं होतं खरं तर सोमवारी, तीन तारखेला. नोटीस ९० दिवसांची, म्हणजे १ सप्टेंबरला मी मोकळा आणि चवथ सात तारखेला. हाच मुहूर्त मी वर्षभर धरून बसलो होतो. आमचं मूळ घर सावईवेऱ्याला, तिथे कुळागर आहे, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ते भाऊ बघतो. एकवीस वर्षं मी चवथीच्या आदल्या रात्री उशिरा पोचतोय, तोवर माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं) सगळं सामान भावाने जमवलेलं असतं, आंबाडे, कवंडळं, सुपारीचे घड, नारळाचा घोस, आणि मी फक्त खाली उभा राहून शिडी धरतो. त्या शिडीची एक पायरी गेल्या वर्षी मोडली तर भाऊ म्हणाला ती तशीच ठेवतो, पुढच्या चवथीला तू आठ दिवस आधी येणार ना, मग तूच कर.

पण सोमवारी साहेब दिवसभर मीटिंगमध्ये. शनिवारी एक्झिट पोल आलेले, त्यामुळे सोमवारी सेन्सेक्स अडीच हजारांनी वर गेला आणि माझा १ कोटी ९० चा आकडा हा त्या सोमवारच्या भावाचा होता, हे पण सांगून टाकतो. कंपनीच्या बसमधून बोरीच्या पुलावरून घरी येताना मी स्वतःवर इतका खूश होतो की काय विचारू नका.

मंगळवारी सकाळी बसमध्ये पत्रावरची तारीख बदलली. ३ वर आडवी एक रेघ, बाजूला ४, सही, आजची तारीख. आमच्या धंद्यात खाडाखोड म्हणजे पाप. बॅच रेकॉर्डमध्ये (बीएमआर) चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख, कारण लिहायचं. व्हाइटनर तर प्लांटच्या गेटमधून आत पण येऊ शकत नाही. एकवीस वर्षांची सवय, किराण्याच्या यादीवर पण मी अशीच दुरुस्ती करतो.

आत गेल्यावर कंप्रेशनमध्ये, म्हणजे गोळ्या दाबून बनवतात तिथे, गोळ्यांचं वजन वरखाली व्हायला लागलं म्हणून मला बोलावलं. आता आत जायचं म्हणजे चेंजरूममध्ये सगळं उतरवून ठेवायचं, फोन, घड्याळ, पाकीट, आणि गाऊन घालायचा, आणि गाऊनला खिसा नसतो. मुद्दामच नसतो, कोणी काही आत नेऊ नये म्हणून. तर ते पत्र लॉकरमध्ये, पाकिटाखाली घडी करून, आणि मी आत काचेच्या खिडकीसमोर वीस-वीस गोळ्या वजनकाट्यावर टाकतोय. वजन ठीक यायचं, परत हलायचं, ऑपरेटर पोरगा घामाघूम, त्याला वाटलं मी डेव्हिएशन (नियमाबाहेर गेल्याची नोंद) टाकणार म्हणून मी गप्प आहे. मी गप्प होतो कारण डोक्यात लॉकर होता. शेवटी निघालं काय तर गोळी दाबणाऱ्या एका पंचाचं टोक झिजलेलं. तीन तास गेले. या तीन तासांत बाहेर काय चाललंय ते मला काडीचंही माहीत नव्हतं.

साडेबाराला बाहेर येऊन कॅन्टीनला गेलो तर तिथे लग्नघर. सगळ्यांचे फोन वर. एक गट इलेक्शनवाला, दक्षिण गोव्यात विरियातो फर्नांडिस की पल्लवी धेंपे, त्यावर पैजा लागलेल्या. दुसरा गट कोपऱ्यात, स्टोअरमधली आणि पॅकिंगमधली पोरं, ती काहीच बोलत नव्हती. त्यातला एक म्हणाला, सर सेन्सेक्स सहा हजार खाली. मी म्हटलं सहाशे असेल, नीट बघ. त्याने फोन माझ्यासमोर धरला.

मंगळवार म्हणून माझा शिवराक (शाकाहार), समोर डाळ-भात आणि तोंडल्याची भाजी, आणि मी मनात हिशेब करतोय की ऐंशी लाखांचे आठ टक्के म्हणजे सहा लाख चाळीस हजार. वर्षभराच्या खर्चापेक्षा जास्त, एका सकाळी, मी गोळ्या मोजत असताना. पिवळ्या रंगातलं वाक्य आठवलं. ते आठवून काही उपयोग होत नाही हे पण तेव्हाच कळलं, भात घशाखाली जाईना. पत्र परत घरी न्यावं असं अगदी मनापासून वाटलं, हे लपवत नाही. पुढच्या महिन्यात देऊ, बाजार जरा बसू दे. मग वाटलं की असं चार वर्षं चाललंय, आधी कोविडची घसरण सरू दे, मग मुलीची बारावी होऊ दे, मग इन्क्रिमेंट होऊ दे.

जेवून हात धुतले आणि थेट एचआरमध्ये गेलो, साहेबांकडे जायच्या आधी एकदा फॉर्म वगैरे विचारून घ्यावं म्हणून. तिथे एक बाय आहे, माझ्याच आगेमागे नोकरीला लागलेली, तिला पत्र दाखवलं. (बोलणं अर्थात कोंकणीत झालं, इथे मराठीत लिहितोय.) तिने पत्र वाचलं, काही विचारलं नाही, कुठे चाललास, का चाललास, काही नाही. कपाटातून माझी फाइल काढली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "तू जॉइन झालास १७ मार्च २००३ ला. २ सप्टेंबरला सोडलंस तर एकवीस वर्षं साडेपाच महिने."

"मग?"

"मग काय मग. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांच्या वर गेलं तर पूर्ण वर्ष धरतात, खाली राहिलं तर सोडून देतात. अठरा दिवस पुढे ढकल. वीस तारीख घाल, बावीस वर्षं होतात."

चार वर्षांच्या शीटमध्ये ग्रॅच्युइटीची ओळ होती बरं का. बेसिक ६२ हजार, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, गुणिले वर्षं. मी वर्षं घातली होती २१.५. म्हणजे सूत्र पाठ, नियम अर्धा. क्वालिटीतला माणूस. तिने कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला, एका वर्षाचे ३५,७६९ रुपये. बावीस वर्षांचे ७ लाख ८६ हजार आणि एकवीसचे ७ लाख ५१ हजार.

आता बघा, अर्ध्या तासापूर्वी माझे सहा लाख हवेत गेलेले, आणि मी या पस्तीस हजारांकडे असा बघतोय जसं काय बुडत्याला ओंडका मिळाला. वीस सप्टेंबर म्हणजे चवथ नोकरीतच आली. मी विचारलं, मधे रजा? ती म्हणाली नोटिशीत रजा टाकलीस तर तेवढे दिवस पुढे जातात, आणि यंदा चवथीच्या दोन्ही सुट्ट्या शनिवार-रविवारीच आहेत. म्हणजे परत शुक्रवारी रात्री पोचायचं. मला वाटतं मी विचार करायला पूर्ण एक मिनिटही घेतला नाही. तिच्याच टेबलावरचं पेन घेतलं, पत्रातल्या शेवटच्या दिवसाच्या तारखेवर आडवी रेघ मारली, बाजूला २० सप्टेंबर, सही, तारीख.

साहेब हैदराबादचे, माणूस चांगला. पत्र उलटं-सुलटं बघितलं आणि पहिलं वाक्य, "किधर जॉइन कर रहे हो?" मी म्हटलं कहीं नहीं. ते हसले. "अरे बता दो, मैं किसी को नहीं बोलूंगा।" मी परत म्हटलं कहीं नहीं सर, रिटायरमेंट. मग खुर्चीत मागे टेकून आधी तब्येत विचारली, मग घरी सगळं ठीक ना, मग कोणी काही बोललं का, आणि शेवटी पगार किती हवा ते विचारलं. नोकरी सोडून माणूस नुसता घरी बसू शकतो हे त्यांना पटेचना, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी मलाही धड पटत नव्हतं. मग त्यांची नजर त्या दोन रेघांवर गेली, दोन सह्या, दोन तारखा. "ये तुमने रेज़िग्नेशन लिखा है या बीएमआर?" आणि इतके मोठ्याने हसले की बाहेरची पोरं आत बघायला लागली. दुसऱ्या दुरुस्तीला कारण लिहिलेलं नव्हतं तेवढं त्यांनी बरोबर पकडलं. रीज़न नहीं है, म्हणाले. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'सेवाकालाच्या हिशेबासाठी', आणि त्यांनी खाली सही केली. एकवीस वर्षांचं काम दहा मिनिटांत आटपलं, बाहेर आलो तर कंप्रेशनमधला पोरगा विचारत होता की पंच बदलला, आता लाइन चालू करू का.

संध्याकाळी बाजार थोडा सावरून ४,३८९ अंशांनी खाली बंद झाला. माझ्या हिशेबाने साडेचार लाख. (शुक्रवारपर्यंत सगळं परत वर गेलं, नवा उच्चांकच झाला, पण ते मंगळवारी रात्री कोणाला माहीत होतं.)

घरी आलो तर बायको चहा टाकत होती. दिलं का, म्हणाली. दिलं म्हटलं. ती कोल्हापूरची, आनंद झाला तरी एकदम दाखवत नाही, गॅस बारीक केला आणि विचारलं, "मग एक तारखेपासून मोकळे?"

"वीस."

"वीस कशी? चवथ तर सातला आहे."

मी ग्रॅच्युइटी समजावली, सहा महिन्यांचा नियम, पंधरा भागिले सव्वीस, ३५,७६९. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि आज बाजारात किती गेले म्हणालात?"

"साडेचार लाख. कागदावर."

"आणि चवथ सोडली पस्तीस हजारांसाठी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ती चहाचा कप ठेवून आत गेली, मी भावाला फोन लावला. त्याला फक्त एवढंच सांगितलं की वीस तारखेला सुटतोय. पलीकडे कुळागरात कुठेतरी पाटाचं पाणी वाजत होतं, थोडा वेळ तेच ऐकू आलं.

"बरं," तो म्हणाला. "मग शिडीची पायरी मीच करून घेतो."