एक पॉइंट जोडला आणि विषय संपला?

एमएस्सीला टोपोलॉजी केलेल्या कुणालाही कॉम्पॅक्टिफिकेशन म्हणलं की एकच आठवतं, वन-पॉइंट. रिअल लाइन घ्या, इन्फिनिटीला एक पॉइंट लावा, सर्कल झालं, मार्क पडले, पुढचं चॅप्टर. नांदेड काय, लातूर काय, संभाजीनगर काय, सेट-नेटची तयारी करायलेली आमची पोरं इथंच थांबतात. अन मजा तर इथून पुढं हाय.

आधी थोडक्यात. स्पेस कॉम्पॅक्ट (ओपन सेटांनी कशीही झाकली तरी त्यातले मोजकेच पुरतात अशी) नसेल तर तिला एखाद्या कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ (कुठलेही दोन पॉइंट एकमेकांना न छेदणाऱ्या ओपन सेटांत वेगळे पाडता येतात अशा) स्पेसमधे डेन्स, म्हणजे नवीन पॉइंटाच्या कितीही जवळ जुने सापडतील असं, बसवायचं, हे झालं कॉम्पॅक्टिफिकेशन. आणि वरून जे नवीन जोडावं लागलं ते रिमेंडर. अलेक्झांड्रॉफनं 1924 ला एका पॉइंटात भागवलं, पण ते लोकली कॉम्पॅक्ट (प्रत्येक पॉइंटाभोवती कॉम्पॅक्ट नेबरहूड असलेल्या) स्पेसलाच चालतं. बरं, लाइनला दोन पॉइंटही लावता येतात, दोन टोकाला दोन, क्लोज्ड इंटर्व्हल मिळतो. मग तीन का नाही? तीन पॉइंटाभोवती एकमेकांना न छेदणारे तीन ओपन सेट घ्या, त्यांच्या बाहेर उरलेलं कॉम्पॅक्ट, म्हणजे कुठल्यातरी बाउंडेड इंटर्व्हलमधे मावणारं. त्या इंटर्व्हलच्या बाहेर लाइनचे दोनच तुकडे राहतात, दोन्ही कनेक्टेड, प्रत्येक तुकडा एकाच ओपन सेटात जाणार, तिसऱ्याच्या वाट्याला लांबचं काहीच येत नाही, मग तो पॉइंट डेन्स लाइनच्या जवळ राहणार कसा? हाच हिशेब प्लेनला लावा, मोठ्या डिस्कच्या बाहेर एकच तुकडा, म्हणून तिथं दोन पॉइंटही जमत नाहीत. पाच ओळींचं प्रूफ हाय पण व्हायव्हाला विचारलं की पोरं छताकडं बघतात.

रिमेंडर चार-दोन पॉइंटाचंच पाहिजे असंही काही नाही. साइन वन बाय एक्सचा ग्राफ आठवा, झिरो ते वनवरचा. झिरोकडं जाताना तो वरखाली नुसता नाचायलाय, क्लोजर घेतलं की उभा अख्खा सेगमेंट येऊन चिकटतो. ग्राफ म्हणजे एका बाजूला उघडी रेघच ना, तिलाच एका पॉइंटानं बंद करता आलं असतं, पण मग साइनची व्हॅल्यू त्या पॉइंटावर काय धरणार? फंक्शन पुढं न्यायचं असेल तर रिमेंडर मोठं करावं लागतं, हे एकदा डोक्यात बसलं की स्टोन-चेक कॉम्पॅक्टिफिकेशन आपोआप कळतं, तिथं सगळीच्या सगळी बाउंडेड कंटिन्युअस फंक्शन्स पुढं गेली पाहिजेत. चेक आणि स्टोन, दोघांचे पेपर 1937 चे.

आता त्याचा आकार बघा. नॅचरल नंबर्ससारखी साधी डिस्क्रीट स्पेस, आणि तिच्या स्टोन-चेक रिमेंडरमधे दोनचा घात कंटिन्युअम (कंटिन्युअम म्हणजे रिअल नंबर्स जितके तितके) एवढे पॉइंट! त्यातला एकही बोटानं दाखवता येत नाही आणि नॅचरल नंबर्सचा कुठलाच सिक्वेन्स त्यातल्या कुठल्याच पॉइंटाला कन्व्हर्ज होत नाही. ज्या रूडिनच्या नावानं ॲनालिसिसची पोरं घाबरतात त्याच वॉल्टर रूडिननं 1956 ला कंटिन्युअम हायपोथिसिस (नॅचरल आणि रिअल नंबर्सच्या मधल्या आकाराचा सेट नाही हे गृहीतक) धरून दाखवलं की ह्या रिमेंडरमधे पी-पॉइंट नावाचे खास पॉइंट असतात, ज्यांच्या काउंटेबल नेबरहूडांचं इंटरसेक्शनही नेबरहूडच राहतं, म्हणजे सगळे पॉइंट सारखे नाहीत. हायपोथिसिस नसली तरी ते सारखे नाहीत हे फ्रोलिकनं 1967 ला सिद्ध केलं, पण पी-पॉइंट असतातच असं मात्र म्हणता येत नाही, शेलाहनं एकही पी-पॉइंट नसलेलं सेट थिअरीचं मॉडेल काढून दाखवलं. नॅचरल नंबर्सला कॉम्पॅक्ट करायला निघालेला माणूस सेट थिअरीच्या अशा गल्लीत येऊन पोचतो.

पण मला स्वतःला जास्त आवडतं ते उलट्या दिशेचं काम, रिमेंडर बघून मूळ स्पेस ओळखणं. सोयरिक जुळवताना आपल्याकडं घरात कमी आणि शेजारीपाजारी जास्त चौकशी करतात ना, तसंच. रिमेंडर क्लोज्ड निघालं की स्पेस लोकली कॉम्पॅक्ट. रिमेंडर एफ-सिग्मा (काउंटेबल क्लोज्ड सेटांची युनियन) निघालं की स्पेस चेक-कम्प्लीट म्हणायची, आणि मेट्रिक (अंतर मोजता येणारी) स्पेस असेल तर तिला कम्प्लीट मेट्रिक देता येते, म्हणजे जिच्यात प्रत्येक कॉशी सिक्वेन्स कन्व्हर्ज होतो. आता झिरो ते वनमधले इररॅशनल घ्या. नेहमीच्या मेट्रिकमधे कम्प्लीट नाहीत, सगळ्यांना माहितंय. पण क्लोज्ड इंटर्व्हलमधे त्यांचं रिमेंडर म्हणजे रॅशनल, काउंटेबल, म्हणजे एफ-सिग्मा, झालं! इररॅशनलला कम्प्लीट मेट्रिक देता येते, आणि ती मेट्रिक लिहून दाखवायचीही गरज पडली नाही. उलट रॅशनलचं रिमेंडर इररॅशनल, ते एफ-सिग्मा नाही (बेअर थिअरम), म्हणून रॅशनलला कितीही मेट्रिक बदला, उपयोग नाही. पोरं हे दोन्ही रिझल्ट वेगवेगळे पाठ करतात, कामून ते मला अजून कळलं नाही.

हेन्रिक्सन आणि इस्बेल यांनी 1958 ला असाच एक निकाल दिला, रिमेंडर लिंडेलॉफ (प्रत्येक ओपन कव्हरमधून काउंटेबल सेट पुरतात असं) असायला स्पेसमधे नेमकं काय पाहिजे. प्रत्येक कॉम्पॅक्ट सेट अशा एखाद्या कॉम्पॅक्ट सेटात बसला पाहिजे ज्याच्याभोवती काउंटेबल बेस हाय, म्हणजे काउंटेबल ओपन सेट असे की त्याला झाकणाऱ्या प्रत्येक ओपन सेटात त्यातला एक मावतो. मेट्रिक स्पेसमधे हे कायम असतंच. मग अर्हांगेल्स्कीनं टोपोलॉजिकल ग्रुपसाठी (ज्या स्पेसवर ग्रुपचं ऑपरेशन आणि इन्व्हर्स कंटिन्युअस असतात) लई भारी गोष्ट सांगितली: ग्रुपचं कुठलंही रिमेंडर घ्या, ते एकतर लिंडेलॉफ नाहीतर स्यूडोकॉम्पॅक्ट (त्यावरचं प्रत्येक कंटिन्युअस रिअल फंक्शन बाउंडेड), मधलं काही नाहीच. नुसत्या स्पेसला असलं बंधन नसतं, ग्रुपला असतं. रॅशनल ग्रुपही हाय आणि मेट्रिकही, म्हणून लिंडेलॉफ. दुसरी बाजू बघायची तर रिअल लाइनच्या अनकाउंटेबल कॉपींचा प्रॉडक्ट घ्या. तिथं बेसिक ओपन सेट मोजक्याच कोऑर्डिनेट्सना धरतो, काउंटेबल सेट इंटरसेक्ट केले तरी बाकीचे अनकाउंटेबल कोऑर्डिनेट मोकळेच, त्यामुळं हेन्रिक्सन-इस्बेलची अट बसतच नाही, लिंडेलॉफ गेलं, आणि रिमेंडरला स्यूडोकॉम्पॅक्ट व्हावंच लागतं.