पंधरा वर्षांच्या गाडीचा खर्च: बडोद्यातला माझा अनुभव

आमच्या वॅगन आरच्या नोंदणीला नोव्हेंबर 2025मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. त्या वर्षी गणपतीला घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तेच सांगितलं, "आता काढून टाका, पंधरा वर्षांनंतर चालवू देत नाहीत." हे चूक आहे. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची जी अट ऐकू येते, ती दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती. बाकीकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओ गाडी तपासतं आणि ठीक असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करून देतं. या एका गैरसमजापायी चांगल्या चालत्या गाड्या लोक मिळेल त्या भावात देऊन टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ठेवू देतात, हे कळलं. पण ठेवणं परवडतं का? पेट्रोल आणि गॅस सोडून ही गाडी वर्षाला किती खाते, हे ठाऊक असल्याशिवाय याचं उत्तर देता येत नव्हतं. आमच्याकडे ते उत्तर बाबांच्या वहीत होतं. बाबा प्रतापनगरला रेल्वेत, स्टोअर्समध्ये होते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवायची सवय त्यांनी गाडीलाही लावली. तारीख, किलोमीटर, काय काम झालं, सामानाचे किती, मजुरीचे किती, आणि मागे बिल टाचलेलं. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं थांबवलं, तेव्हापासून वही माझ्याकडे आहे.

गणपती उठल्यावर मी वहीतली शेवटची काही वर्षं घेऊन बसले आणि खर्च वेगळ्या तऱ्हेनं मांडला. एका बाजूला किलोमीटरवर येणारा खर्च: इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, डिस्क पॅड, क्लच. दुसऱ्या बाजूला तारखेवर येणारा: विमा, पीयूसी, सीएनजी टाकीची चाचणी, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट. आमची गाडी फार फिरत नाही. दांडिया बाजार, स्टेशन, आईचे डॉक्टर, कधी डाकोर, कधी अहमदाबाद. "कमी चालते म्हणून खर्च कमी" असं आम्ही सगळे धरून चालत होतो. वही मात्र दाखवत होती की आमचा निम्म्याहून जास्त पैसा तारखेच्या बाजूला जातो. गाडी उभी असली तरी बॅटरी म्हातारी होते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, टायरचं रबर कडक होतं. ऑइलसुद्धा "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते", आणि आमच्याकडे दरवेळी वर्षच आधी येतं. साधारण वर्षाला चोवीस-पंचवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार, असा आकडा निघाला. त्याला 2024 हे वर्ष अपवाद होतं.

2024च्या ऑगस्टअखेर शहरातली विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचवीस. कारेलीबागेत आमच्या पार्किंगमध्ये पाणी गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. पाणी ओसरल्यावर शेजारचे काका किल्ली घेऊन निघाले होते. बाबांनी गॅलरीतून ओरडून त्यांना थांबवलं: "सेल मारू नका!" इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं आकसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात सेल मारून झालेलं हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेकदा मंजूर होत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आम्ही बॅटरीची वायर काढली, फोटो काढले, विमा कंपनीला कळवलं आणि गाडी ओढून नेली. इंजिन वाचलं.

क्लेम करावा की नाही यावर घरात वाद झाला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाईल असं सगळे म्हणत होते. आमची सूट पन्नास टक्क्यांवर पोहोचलेली होती, आणि एक क्लेम केला की ती शून्यावर येते. पण पन्नास टक्के कशावर? फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओडी प्रीमियमवर. जुन्या गाडीची विम्यातली किंमतच लहान, त्यामुळे तो प्रीमियमही लहान. जाणारी सूट हजार-दीड हजारांची होती. हातात येणारी रक्कमही मोठी नव्हती, कारण दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांवर निम्मी घट लावतात आणि रबर-प्लास्टिकवर तर गाडी कितीही नवी असली तरी निम्मीच देतात. मजुरी मात्र पूर्ण मिळते, आणि सीट काढणं, कार्पेट वाळवणं, वायरिंग साफ करणं हे सगळं मजुरीचंच काम. सूट जाऊन, दर क्लेममध्ये आपणच सोसायचे अनिवार्य हजार रुपये कापूनही क्लेम फायद्याचा ठरला. कागदावर आकडे मांडले नसते तर आम्ही ते पैसे सोडले असते.

पुराचा खर्च एकदम येत नाही, हे मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. गाडी वाळली, चालू लागली, आणि मग महिन्या-महिन्यानं एकेक गोष्ट निघत गेली. आधी सेल्फ मोटर, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर. मग एका दिव्याचा कनेक्टर हिरवा पडलेला. पुढच्या उन्हाळ्यात साठच्या वेगाला चाकातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. ज्यांच्या गाड्या त्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी हब बेअरिंग, म्हणजे चाकाचं बेअरिंग, आणि ब्रेक एकदा उघडून बघावेत, असं मी अजूनही भेटेल त्याला सांगते.

नूतनीकरणाआधी मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. एस्टिमेट हातात आलं तेव्हा छाती दडपली. डीकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, आतलं फोम वॉश, खालून कोटिंग, दोन्ही हेडलाइट नवे, चारही शॉकअप. मी तो कागद घरी आणला आणि बाबांसमोर प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारले: याचा ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरशी संबंध आहे का? आणि याच्यामुळे आरटीओत गाडी अडेल का? दोन्हीचं उत्तर नाही आलं की ओळीवर काट. निम्मा कागद तिथेच संपला.

उरलेल्या ओळी घेऊन मी प्रतापनगरच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यांकडे गेले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि मला जवळ बोलावलं. चाक वरून-खालून धरून हलवलं, ते हललं: बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवलं, त्यातही किंचित ढिलाई: रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचा जोड. "आ बे तो करवुंज पडशे, बेन," ते म्हणाले, म्हणजे ही दोन कामं करावीच लागतील. शॉकअपवर तेल गळल्याची खूण नव्हती. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदाच वर येऊन थांबली. "आ हजी चालशे," म्हणजे हे अजून चालतील. हेडलाइट पिवळे पडले होते, ते घासून पॉलिश करून काही शेकड्यांत साफ झाले. नंबर प्लेटवरचा दिवा बंद असल्याचं त्यांच्याच लक्षात आलं. चेसिस नंबरावरचा गंज त्यांनी हलक्या हातानं काढून ठेवला, कारण आरटीओच्या कागदाला त्याचा पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा लागतो. जुने काढलेले भाग मी दरवेळी मागून घेते आणि नव्या भागाच्या डब्यावरची छापील किंमत वहीत लिहिते. त्यांना त्याचा कधी राग आला नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

टायरांवर मी जरा थांबले. नक्षी अजून बरी होती, पण बाजूच्या चार आकडी शिक्क्यावर 2317 होतं, म्हणजे 2017च्या तेविसाव्या आठवड्यातलं उत्पादन. बाजूच्या भिंतीला बारीक भेगाही होत्या, तेव्हा बदलायचे हे ठरलेलंच होतं. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं होतं की 22 सप्टेंबरपासून टायर, बॅटरी आणि गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के होणार. नवरात्र त्याच दिवशी बसणार होतं. मी तोवर गाडी कमी वापरली आणि टायर-बॅटरी दोन्ही नंतर घेतले. कर दहानं उतरला म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरते असं नाही. पूर्वी 128 मोजत होतो त्या जागी 118, म्हणजे साधारण पावणेआठ टक्के. दुकानदाराशी बोलताना हा हिशेब हाताशी असलेला बरा. नवे टायर घेतानाही शिक्का वाचला. पहिला सेट वर्षापूर्वीचा निघाला, तो परत करून ताजा मागितला.

मग सीएनजीची टाकी. तिची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि मुदत टळली तर पंपावर गॅस भरून देत नाहीत. टाकी डिकीतून पूर्ण काढतात, आतून-बाहेरून तपासतात, पाण्यानं भरतात आणि दाब देतात. गॅस 200 बार दाबापर्यंत भरतात, चाचणीचा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पाणी वापरण्याचं कारण मला तिथल्या मुलानं छान समजावलं: हवेच्या दाबात टाकी फुटली तर स्फोट होईल, पाण्याच्या दाबात फुटली तर चिरेल आणि दाब लगेच उतरेल. टाकी वाळवून परत बसवल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गळती बघितली जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. माझ्या मागच्या सीटवर मुलं बसतात.

दरजीपुऱ्याच्या आरटीओचं काम त्यामानानं सरळ झालं. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म 25. तो मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि फी भरली. कारसाठी ही फी 2022च्या मार्चपर्यंत 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022पासून 5,000 आहे. मुदत उलटल्यावर गेलात तर दर महिन्याला 500 वर. गाडी वीस वर्षांपुढची असेल तर 2025च्या ऑगस्टपासून फी 10,000 झाली आहे, म्हणजे पुढच्या वेळी आम्हाला हा हिशेब नव्यानं मांडावा लागेल. बरोबर आरसी, चालू विमा, पीयूसी, टाकीच्या चाचणीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र नेलं होतं. उच्च सुरक्षा नंबर प्लेट आधीच लावलेली होती. अधिकाऱ्यांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघितला, चेसिस नंबर ताडला, टाकीवरची पट्टी वाचली. बाबा हट्टानं बरोबर आले होते, वही मांडीवर घेऊन. ती कुणी मागितली नाही. पण बाहेर रांगेत एक गृहस्थ गाडी भंगारात द्यावी का, या विचारात होते, त्यांनी ती बराच वेळ चाळली.

विम्याचा निर्णय तेवढा उरला होता. आमच्या गाडीचं इंजिन हजार सीसीच्या आतलं, त्यामुळे फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा घेतला तर मूळ प्रीमियम तेव्हा 2,094 रुपये होता, वर कर. तेवढाच घ्या, असं अनेक जण सांगतात. पूर पाहिलेल्या माणसाला ते पटत नाही. मी पूर्ण पॉलिसी ठेवली, वर इंजिनाचं कवच मिळतं का विचारलं. इतक्या जुन्या गाडीला ते मिळालं नाही. मग निदान पावसाळ्यात गाडी कुठे उभी करायची, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं, आणि आता नदीची पातळी वाढायला लागली की सगळ्यांनी मिळून गाड्या उंचावर नेऊन ठेवायच्या असं ठरलं आहे.

टायर, बॅटरी, बेअरिंग, रॅक एंड, हायड्रो टेस्ट, आरटीओची फी, सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास गेले. नव्या गाडीच्या चौकशीत मला जो हप्ता सांगितला होता, त्याचे हे तीन महिने. त्या बदल्यात कागदोपत्री पाच वर्षं मिळाली. या पाच वर्षांत टायरांचा प्रश्न नाही, बॅटरी एकदा लागेल, टाकीची चाचणी एकदा, पीयूसी वर्षाला एकदा. आमची गाडी प्रदूषणाच्या भारत स्टेज-4 निकषाची आहे म्हणून वर्षाची मुदत. त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी करावी लागते.

आता मी महिन्याला अडीच हजार गाडीच्या वेगळ्या खात्यात टाकते. दोन हजार वहीनं सांगितलेले, पाचशे पुरासारख्या वर्षासाठी. क्लच हल्ली थोडा वर पकडतो आहे. गॅरेजवाले म्हणतात, दिवाळीपर्यंत खेचेल. वहीत किलोमीटरच्या बाजूला मी तो पेन्सिलनं लिहून ठेवला आहे, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलायचे म्हणून, आणि तेवढे पैसे खात्यात जमलेले आहेत.