हाताला लावलंय

दुपारी लोकरीची शाल घडी घालत होतो आणि अंगठ्याच्या कडेला सुटलेली साल लोकरीच्या धाग्यात अडकली. सोडवली, पुढची घडी घातली, पुन्हा अडकली. म्हटलं चला, लोशन करायला निमित्त मिळालं.

निमित्तच म्हणायचं. कारण मला लोशन करायला अतोनात आवडतं आणि लावायला मुळीच आवडत नाही. एकदा हाताला काही लावलं की हे हात आता ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडतो. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात कोपरातून वर धरून मी घरभर फिरतो. नेमका त्याच वेळी फोन वाजतो. चष्मा नाकावरून घसरतो, तो सारायला जावं तर काचेवर बोट उमटतं. पुस्तकाला हात लावायची सोय नाही. शेवटी कोणी बघत नाहीसं बघून बेसिनपाशी जातो आणि हात धुऊन टाकतो. तेही साबणाने. म्हणजे साबणाने कोरडे झालेले हात, त्यावर लोशन, त्यावर पुन्हा साबण.

पण करणं! करण्यातली मजा वेगळीच आहे. एका भांड्यात पाणी आणि चमचाभर ग्लिसरीन, दुसऱ्यात बदामाचं तेल, थोडं शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तेल) आणि तेल-पाण्याला एकत्र धरून ठेवणाऱ्या इमल्सिफायिंग वॅक्सचे पांढरे दाणे. १०० ग्रॅम लोशनमध्ये सत्तरेक ग्रॅम निव्वळ पाणीच असतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विकतच्या बाटल्यांकडे मी जरा संशयाने बघायला लागलो होतो. दोन्ही भांडी गरम पाण्यात ठेवून साधारण ७० अंशांपर्यंत तापवायची. शिया बटर लगेच शरण येतं, ते तर नुसतं तळहातावर धरलं तरी पाघळतं. वॅक्सचे दाणे मात्र शेवटपर्यंत तळाशी बसून राहतात. त्यांच्या कडा आधी काचेसारख्या आरपार होतात, मग मधला पांढरा ठिपका लहान लहान होत जातो आणि नाहीसा होतो. हे बघत उभं राहायला मला कितीही वेळ चालतो.

मग एकात दुसरं ओतायचं आणि ब्लेंडर चालू करायचा. पाण्याला रंग नाही, तेल पिवळसर, आरपार दिसणारं. आणि क्षणात भांड्यात पांढरंशुभ्र काहीतरी तयार होतं. आत पांढरं असं काही घातलेलं नसतं. वॅक्सचे दाणे होते पांढरे, पण ते वितळून कधीच पारदर्शक झालेले. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात, उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. हे सगळं ठाऊक असूनही दर वेळी मी भांड्यात डोकावून बघतो, आणि दर वेळी घरात जो कोणी असेल त्याला हाक मारतो. आता कोणी येत नाही.

मेण घातलं की तेल-पाण्याची दिलजमाई होते, असं पुष्कळांना वाटतं. मधमाशीचं मेण एकट्याने हे काम नीट करत नाही, ते फक्त घट्टपणा आणतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. वितळलेल्या मेणात आणि तेलात मावेल तेवढं पाणी फेटून बसवायचं, अशी त्याची कृती होती. पाणी आत धड बांधलं जायचं नाही. अंगाला लावलं की ते उडून जायचं आणि गार वाटायचं. आजच्या कोल्ड क्रीमचं मूळ तिथलं. पुढे त्यात बोरॅक्स म्हणजे टाकणखार घालायला लागले, त्याने मेणातल्या आम्लांचा साबण होतो आणि मग तेल-पाणी एकमेकांना धरून राहतं. साबणापासून हात वाचवायचं औषध, तेही साबणानेच उभं राहतं. असो.

फेटून झालं की थंड होईपर्यंत ढवळत बसायचं. हेही मला आवडतं. पातळ दुधासारखं असलेलं हळूहळू जड होत जातं, चमच्यामागे वाट उमटायला लागते, ती आधी लगेच बुजते, मग जरा वेळाने, मग बुजतच नाही. ४० अंशांच्या खाली आलं की प्रिझर्व्हेटिव्हचे मोजके थेंब.

इथे नेहमी वाद होतो. "घरी करतोस ना? मग ते कशाला? नैसर्गिकच हवं." अहो, बुरशीदेखील नैसर्गिकच आहे. पाणी असलेलं लोशन बुरशीला आणि जंतूंना आपल्या हातांइतकंच आवडतं. त्यातून कोरफडीचा ताजा गर घातला असेल तर विचारायलाच नको. मग कोणीतरी 'ई' जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालायला सांगतं. त्याने तेल लवकर खवट होत नाही हे खरं, पण जंतूंना त्याचं काहीच वाटत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नको असेल तर थोडंसं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. गार लोशन हाताला लावायची हौस असेल तर.

सगळं झाल्यावर उरतात भांडी. तेलकट, मेणचट, आणि ब्लेंडरच्या पात्यांत लोशन गच्च बसलेलं. कढत पाणी आणि दुप्पट साबण घेतल्याशिवाय ती निघत नाहीत. बाटलीभर लोशन करून मी ओट्यापासून बाजूला होतो तेव्हा माझे हात सकाळपेक्षा जास्त कोरडे झालेले असतात. तळहातांना तैलग्रंथी नसतातच. वरच्या थरात जो काही स्निग्धपणा असतो तोही अशा धुण्यात निघून जातो, आणि तो गेला की आतलं पाणी उडायला मोकळं.

आईचे हात दिवसभर पाण्यातच असायचे. लोशन वगैरे घरात नव्हतं. पेट्रोलियम जेलीची एक चपटी डबी होती, ती तिच्या उशाशी. रात्री सगळं आवरून, ओटा पुसून ती पलंगाच्या कडेला बसायची आणि डबी उघडायची. मधोमध बोट खुपसलेलं तिला चालायचं नाही, ती कडेकडेने गोल काढायची. आधी हातांच्या पाठी एकमेकींवर घासायची, मग एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत, शेवटी नखांच्या कडा. आणि मग काहीच नाही. मांडीवर हात उताणे ठेवून नुसती बसून राहायची.

आम्हाला नेमकी तेव्हाच तहान लागायची. वहीवर सही राहिलेली असायची, पेन्सिलीला टोक हवं असायचं. आई दोन्ही चकचकीत पंजे वर करून दाखवायची आणि म्हणायची, "आता मी हाताला लावलंय."

त्यापुढे अपील नव्हतं. बाबा स्वतः उठून स्वतःचा चष्मा शोधायचे. मी मुद्दाम काही ना काही मागून बघायचो, उत्तर तेच. दिवसभर तिला दहा हाका मारल्या तर दहा वेळा ती उठलेली असायची. त्या पाव तासात मात्र खुद्द आजीसुद्धा तिला काही सांगायची नाही. लहानपणी मला वाटायचं, हा त्या डबीचाच काहीतरी नियम असणार.

जेली त्वचेत मुरत नाही. वर थर करून बसते आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, तेवढंच तिचं काम. त्यामुळे हात चांगले तासभर तरी तुळतुळीत राहतात. मला ज्याचा वैताग येतो, तेच.

गेल्या खेपेला केलेल्या लोशनची एक बाटली आईला दिली होती. हलकं, चिकटपणा नसलेलं, लावल्यावर मिनिटभरात दिसेनासं होणारं. माझ्या मते आजवरचं सर्वांत जमलेलं. तिने कौतुकाने वास घेतला, दोन्ही हातांना चोळलं, बोटं एकमेकांवर घासून बघितली. तेवढ्यात आतून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती उठली. जाता जाता म्हणाली, "छान झालंय. पण फार लवकर मुरतं रे."

आज दुपारी तेल मोजताना हे आठवलं आणि पाण्याचं भांडं बाजूला सारलं. चार भाग तेलाला एक भाग मेण, वर शिया बटर. पाणी नाही म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचीही भानगड नाही, कोरड्या बोटांनी काढलं तर महिनोन्‌महिने टिकेल. मेण साठाच्या पुढे वितळतं, तोवर थांबायचं, मग चपट्या डबीत ओतायचं. मला ते दोन मिनिटंसुद्धा सहन होणार नाही. मला लावायचंही नाहीये. चिकट झालं पाहिजे, चांगलं चिकट.